दादा एकटे नव्हते, ठोकळे रचत होते

जय भीम मंडळी.

जरा हा माईक खाली करा कुणीतरी. मी काय मघाच्या साहेबांएवढी उंच नाय. हां, बास. एवढा पुरे.

विहार समितीची माणसं, दादांचे एसटीतले जुने सोबती, किन्हवलीहून आलेले पाव्हणे आणि माझ्या गावातल्या बायांनो. एवढ्या उन्हात आलात. दादांना माणसं जमलेली आवडायची, पण वेळेवर जमलेली. मुरबाडच्या स्टँडवर कंट्रोलर होते ते. आज सभा केवढी उशिरा सुरू झाली, हे त्यांनी पहिलं बोलून दाखवलं असतं, मग पाणी विचारलं असतं.

मी लता. त्यांच्या धाकट्या भावाची बायको. दादा माझे थोरले दीर. मला भाषण येत नाय. शाळा तिसरीत सुटली, ती सुटलीच. आज बोलायचं नव्हतं मला. पण मघाशी साहेब बोलले आणि मला खाली बसवेना.

साहेब बोलले, वहिनी गेल्या आणि दादा एकटे पडले. शेवटची वर्षं बिचारे संगणकावर लहान पोरांचे ठोकळे लावून दिवस ढकलत होते.

साहेब, तुमी चांगले आहात. दादांचे मित्र आहात. जेवल्याशिवाय जाऊ नका. पण हे खरं नाय.

आणि खरं नाय ते इथं पहिल्या रांगेत बसलेल्या प्रवीणनं ऐकलं. दादांचा मुलगा. बदलापूरला असतो. त्याच्या मनात एक गाठ बसलीय, ती मला ठाऊक आहे. त्याला वाटतं, बाप आपल्यावर रागावून गेला. त्याला वाटतं, आपण बापाला एक खेळणं आणून दिलं आणि मोकळे झालो. तेरा माणसं सांत्वनाला येतात आणि तीच गाठ आणखी आवळून जातात. म्हणून मी उभी राहिले. मला दादांचं कौतुक करायचं नाय. काय झालं ते सांगायचंय.

माझी थोरली जाऊ, माई, गेली. दादा तेव्हा नुकते रिटायर झाले होते. माणूस बोलायचा बंदच झाला. ओटीवर बसायचे, रस्त्याकडं बघायचे. गाडी गेली की मान वळायची. पुन्हा समोर. माझा नवरा त्यांना शेतावर घेऊन जायचा, बांधावर बसवायचा. तिथंही तसेच. जेवण वाढलं तर जेवायचे. नाय वाढलं तर मागायचे नाय.

प्रवीण एका सुट्टीला आला आणि त्याचा जुना लॅपटॉप ठेवून गेला. त्यात एक प्रोग्राम टाकून दिला होता. पोरांचे प्लॅस्टिकचे ठोकळे असतात ना, डोक्यावर बटणं असलेले, एकाची बटणं दुसऱ्याच्या पोटात बसतात, तसलेच. पण सगळे आत, काचेच्या मागं. हाताला काय लागत नाय. माऊसनं उचलायचा, माऊसनं ठेवायचा. पाहिजे त्या रंगाचा, पाहिजे तेवढे. संपतच नाय.

मी मनात बोलले, घ्या. म्हाताऱ्याला खुळखुळा.

आता एक सांगते, ते बायांना लगेच कळेल. आमच्यात धाकटी भावजय थोरल्या दिरासमोर बसत नाय. डोक्यावर पदर घेते, दाराच्या चौकटीपाशी उभी राहते. बोलायचं झालं तर पोराला पुढं करायचं. अरे, मोठ्या बाबांना विचार, चहा घेणार का. मोठे बाबा तिथंच समोर, ऐकू येतंय त्यांना, तरी पोराला विचारायला लावायचं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हेच केलं. विहारात बसून समतेची भाषणं ऐकायची आणि घरी येऊन दारामागं उभं राहायचं. हसू नका. तुमच्या घरीही तेच आहे.

तर मी चहा घेऊन जायची, टेबलावर ठेवायची आणि चौकटीला टेकून कप रिकामा व्हायची वाट बघायची. समोर ते काचेतले ठोकळे. दादा एक ठोकळा उचलणार. फिरवणार. बघणार. परत फिरवणार. मग ठेवणार. तोवर माझं दूध उतू जाऊन शेगडी विझायची. आणि ठेवायचे ते चुकीच्या जागी. तुमाला माहीत आहे माझा स्वभाव. भात निवडताना सुद्धा मी दुसऱ्याच्या सुपात हात घालते.

एक दिवस माझ्या तोंडातनं निघून गेलं. "अहो दादा, तो पिवळा तिरका बसलाय."

झालं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी सरळ बोलले ते हे. मी जीभ चावली. मला वाटलं, आता उठून जातील.

त्यांनी मागं वळूनही बघितलं नाय. बोलले, "कुठला गो?"

"तो खालचा. डावीकडं."

"हा?"

"तो नाय. त्याच्या बाजूचा. अहो, तो नाय म्हणते ना."

असं सुरू झालं.

पुढं पुढं रोज. मी चौकटीतनं बोलायची, ते ठोकळे हलवायचे. एकदा बोलले, "तिथनं ओरडतेस त्यापेक्षा खुर्ची घे." मी बोलले, उभीच बरी आहे. बोलले, "मला ऐकू येतं गो, पण शेजाऱ्यांनाही येतं." मग मी खुर्ची ओढली.

माझा नवरा शेतावरनं आला. दारातच थांबला. "दादासमोर खुर्चीवर बसलीस?" दादा बोलले, "खुर्ची बसायलाच असते रे रमेश. पाय धू आणि तूही बस." तो काय बसला नाय. पाय धुवायला गेला. गावात मात्र बोलणं झालं. नळावर एक बाई मला बोलली, दिराशेजारी खुर्ची टाकून बसतेस म्हणे, टीव्ही बघत. मी बोलले, टीव्ही नाय, आमी गोळा बांधतोय. तू येतेस? ती बाई इथं बसलीय. नाव घेत नाय. नंतर तीही येऊन बघून गेली.

गोळ्याचं सांगते. पहिल्यांदा दादांनी भिंत केली, मग पायऱ्या पायऱ्यांचा डोंगर. ते सोपं. मग त्यांच्या मनात आलं, गोळा करायचा. सगळीकडनं गोल. आता ठोकळे चौकोनी, सरळ. सरळ वस्तूचा गोल कसा व्हायचा? दादा कागदावर काय काय काढत बसले. मी बोलले, दादा, आपण खळ्यावर भाताच्या भाऱ्यांची उडवी रचतो. भारे सरळच असतात ना? तरी गोल येते ना? एकेक थर जरा जरा आत घ्यायचा. खाली थोडा, वर जास्त.

दादा बोलले, "कर बघू."

मला माऊस धरता येत नव्हता. मी बोट दाखवायची, ते ठेवायचे. थरावर थर, थरावर थर. वरचं अर्धं काय सुरेख आलं. अगदी कार्तिकातली उडवी. मी खूश.

दादा बोलले, "आता खालचं अर्धं?"

मी बोट काचेवर नेलं आणि तसंच मागं घेतलं. उडवीला खालची बाजूच नसते हो. ती जमिनीवर बसते. आमच्या सात पिढ्यांनी उडव्या रचल्या, पण खालनं ती कशी असते हे कुणी बघितलंय? दादा एवढे हसले, एवढे हसले, की चष्मा काढून पुसायला लागला. माई गेल्यापासून त्या घरात ते हसणं नव्हतं. माझा नवरा गोठ्यातनं धावत आला, काय झालं म्हणून.

मग दादांनी चित्रच उलटं केलं. डोकं खाली, पाय वर. आणि बोलले, "घे, आता रच तुझी उडवी." तसंच रचलं. परत सुलटं केलं. झाला गोळा.

पण मला ते पटेना. सगळा गोळा खाली एवढ्याशा ठोकळ्यावर उभा. मी बोलले, पडणार. दादा बोलले, ह्यात पडत नाय, ह्यात वजन नसतं, सोडलं तिथं राहतं. मी बोलले, असं कुठं असतं? वीट हवेत राहते? मी वीटभट्टीवर काम केलंय, मला सांगू नका. टेकू लावा.

दादांनी माझ्याकडं बघितलं. लाल ठोकळे घेतले आणि चारी बाजूंनी टेकू लावले. स्लॅबला लावतात तसे. काम पुरं झालं की एकेक लाल ठोकळा काढायचा. तेव्हापासून आमची तीच रीत. काहीही बांधायचं तर आधी लाल टेकू. प्रवीण, तू एकदा बघून हसला होतास, आठवतं? "काकी, टेकू कशाला? इथं काय पडतंय?" आणि दादा तुला बोलले होते, "तुझ्या काकीला झोप लागत नाय रे. राहू दे." नुसत्या माझ्यासाठी हो. बिनकामाचं काम. मी किन्हवलीच्या बाजाराला गेलेली असायची, तरी मागं टेकू लावून ठेवलेले असायचे. मी विचारलं, मी तर नव्हते, मग कशाला लावले? बोलले, "काढताना बरं वाटतं."

आता तुमी सांगा. ह्याला दिवस ढकलणं म्हणतात?

त्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली. लाईट गेली की सगळं गेलं. पावसाळ्यात आमच्याकडं लाईट कशी असते तुमाला सांगायला नको. एकदा सकाळपासूनचं काम गेलं. दादा सुन्न. त्या दिवसापासून मी एक इंग्रजी शब्द शिकले. सेव. चुलीपाशी असले तरी तिथनं ओरडायची, दादा, सेव केलं का? ढग गडगडला की सेव. माझ्या सुनेला वाटलं, सासू शेव मागतेय. तिनं बिचारीनं डबा आणून दिला.

मग शेवटचं मोठं काम. बारा तोंडांचा गोळा. त्या प्रोग्राममध्येच नमुना बघितला दादांनी आणि जीव त्यावर गेला. प्रत्येक तोंडाला पाच कोपरे. अशी बारा तोंडं एकमेकांना चिकटवायची, की आत पोकळ गोळा झाला पाहिजे. चौकोनी ठोकळ्यांनी पाच कोपरे कुठनं यायचे? त्याला बिजागरीचे ठोकळे असतात, दाराला असतात तसे वाकणारे. किती वाकवायचं ते आकडा घालून सांगायचं. तो आकडा दादांचा. कुठलं तोंड कुठं, हे बघायचं काम माझं.

लावणीच्या दिवसांत सुरू केलं. मी चिखलाचे पाय धुऊन येऊन बसायची. अकरा तोंडं बसली. बारावं बसेना. एवढीशी फट राहायची. नखाएवढी. दादा ते ढकलायचे, फिरवायचे, काढून परत लावायचे. फट तिथंच.

मी बोलले, "दादा, जरा ओढून बसवा की. कोण बघतंय?"

दादा बोलले, "आपण दोघं बघतोय की."

त्यावरनं भांडण. मी बोलले, तुमच्या नादात माझी भाकरी करपते, एवढ्याशा फटीनं काय घर गळणार आहे? ते बोलले, तुला सगळ्याची घाई. मी बोलले, आणि तुमची गाडी कधी सुटतच नाय. उठून गेले मी. दुसऱ्या दिवशी चहा सुनेच्या हातनं पाठवला. तो तसाच परत आला. म्हाताऱ्याचा मान बघा. मग मीच गेले. कप आपटला.

ते बोलले, "बस. सापडलं."

काय सापडलं? तर शेवटच्या तोंडात काहीच चूक नव्हती. सगळ्या बिजागऱ्या केसभर कमी वाकवल्या होत्या. एकेकीला बघितलं तर दिसायचं नाय. सगळ्यांचं मिळून शेवटी नखाएवढं झालं होतं. आमी उगाच त्या बाराव्याला शिव्या देत होतो.

मी विचारलं, मग आता?

बोलले, "परत पहिल्यापासून."

मी कपाळावर हात मारला. पण बसले. कापणी आली, झोडणी झाली, तरी ते चाललंच होतं. आणि मागच्या बुधवारी बारावं तोंड बसलं. आवाज येत नाय त्यात, पण मला आला. मग लाल टेकू काढले. दोघांनी. तोवर मला माऊस यायला लागला होता. शेवटचा टेकू दादांनी मला काढायला लावला. गोळा तसाच राहिला, हवेत. दादांनी तो हळूहळू फिरवला. कुठूनही बघा, फट नाय. रमेशही येऊन बसला. हो, खुर्चीवर. चौथी खुर्ची असती तर सून पण बसली असती.

तो गोळा आहे अजून. मी सेव केलाय.

आता प्रवीण, तुला सांगायचं ते. इकडं बघ.

आंब्याच्या दिवसांत तू गाडी घेऊन आला होतास त्यांना न्यायला. तुझ्या बायकोनं खोली तयार ठेवली होती. दादा "बघू" बोलले, म्हणजे नाय. तू निघताना मला आवारात बोललास, काकी, आईच्या वेळेला मी पोचलो नाय, म्हणून बाबा येत नाहीत. वर ते खेळणं देऊन बसवलं त्यांना. मी तुला तेव्हा काय सांगणार? मला तरी काय ठाऊक? मी काय त्यांच्या पोटात शिरले होते?

पण मला असलं मनात ठेवता येत नाय. दुसऱ्या दिवशी सकाळी सरळ विचारलं.

"दादा, पोरगा रडकुंडीला येऊन गेला. राग आहे का त्याच्यावर?"

"राग? कशाचा गो?"

"माईच्या वेळेला तो नव्हता."

दादांनी माऊस सोडला. बोलले, "तो वाटेत होता. मी एवढी वर्षं स्टँडवर काढली. वाटेतल्या गाडीला उशीर झाला म्हणून मी कधी ड्रायव्हरला बोललो नाय. राग धरायचा तर न निघालेल्या गाडीचा."

"मग जात का नाय त्याच्याकडं?"

"तिथं मला जपतात. बाबा, हे खाऊ नका. बाबा, गॅलरीत उभे राहू नका. दोघं दमून येतात आणि मला जपत बसतात. इथं कोण जपतंय मला? तू तर सकाळपासून भांडतेस."

"मग काय, भांडू नको?"

"तसं बोललो का मी? हे चालू राहू दे माझं. बरं चाललंय."

मी बोलले, हे त्याला सांगा. मला सांगून काय उपयोग? बोलले, "सांगतो. एक चांगलं काम पुरं होऊ दे. त्याला बोलावतो, दाखवतो, तेव्हा सांगतो."

बुधवारी गोळा झाला. संध्याकाळी त्यांनी तुला फोन केला. रविवारी ये, एवढंच बोलले. तुला वाटलं असेल, तब्येत बरी नसेल. तब्येत ठणठणीत होती. दोन भाकऱ्या खाल्ल्या त्या दिवशी. शुक्रवारी सकाळी मी चहा घेऊन गेले, तर झोपेतच गेले होते. तोंडावर काही त्रास नव्हता. मी बघितलंय, मी खोटं बोलत नाय.

म्हणजे रविवारी तुला हेच ऐकायचं होतं, बाळा. की राग नव्हता. की तू दिलेल्या त्या काचेच्या डब्यानं तुझा बाप बोलता झाला, हसता झाला, आणि त्याचं बरं चाललं होतं. ते सांगायचं राहून गेलं. आज मी सांगितलं. आता ते राहिलेलं नाय. जेवण झालं की घरी चल. काय बांधलंय ते मी दाखवते. माऊस मीच धरणार.

झालं माझं. आता सगळ्यांनी उभं राहा. म्हाताऱ्यांनी बसूनच राहिलं तरी चालेल. फोन बंद करा. दोन मिनिटं गप राहायचंय, आणि गप राहून मनात एकटा, बिचारा म्हातारा आणायचा नाय. चष्मा कपाळावर चढवून काचेतला ठोकळा फिरवत बसलेला, घाई नसलेला, ज्याचं बरं चाललंय असा माणूस आणा.

दादा, जय भीम.

राहा गप सगळे.